आख्खी गोळी

५ जाने., सोम.
ठाण्याला जाऊन आले. घरात कॅन्सरचा पेशंट असलेल्यांसाठी वर्ग होता. सिस्टरांनी शिकवलं: दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं, दर चार तासांनी गोळी. दुखणं शून्य ते दहा, वहीत लिहायचं. आईला मॉर्फिन दिलंय. मी विचारलं, सवय लागली तर? "अहो ताई, दुखण्यासाठी घेतल्याने व्यसन नाही लागत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. बाबांची दारू त्यांनी कुठे बघितलीय.

६, मंगळ.
सकाळची गोळी सुरीने मोडली, अर्धीच दिली. वहीत मात्र लिहिलं "१ गोळी". उरलेला तुकडा कुंकवाच्या करंड्यात. फक्त आजच्यापुरतं.

९, शुक्र.
अजून अर्धीच. आईचा डोळा लागला की नाकाशी बोट धरून श्वास बघते. किती दुखतंय विचारलं तर, "सात लिही. पाठ नुसती जळतेय गं." वहीतला सात खरा, गोळी खोटी. उद्यापासून आख्खी देईन असं रोज ठरवते आणि सुरी हातात घेतली की... करंडा भरत आलाय.

१३, मंगळ.
सिस्टर टिटवाळ्याला घरी आल्या. वही बघून कपाळाला आठी. "पूर्ण गोळी वेळेवर चाललीय, तरी सात?" तिथूनच डॉक्टरांना फोन. दुपारी दोनपासून दोन-दोन गोळ्या. निघताना मला म्हणाल्या, "वही छान ठेवलीय हो."
त्या गेल्यावर लक्षात आलं. अर्धीवरून एकदम दोन, म्हणजे चौपट. आईचा श्वासच थांबला तर?

त्याच दिवशी, दु. २.१०
दीडला सिस्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, रडले. त्या म्हणाल्या, "दोन देऊ नका. डॉक्टरांना विचारते." पुन्हा फोन आला: एकच द्यायची, पण आख्खी. झोप फार येतेय का, श्वास कसा चाललाय, बघत राहायचं आणि कळवायचं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन वाजता आईच्या तळहातावर गोळी ठेवली. ती बघतच राहिली.
"आज आख्खी?"
म्हणजे तिला कळत होतं. मी म्हटलं, आई, मग बोलली का नाहीस?
"मला वाटलं, डॉक्टरांनीच कमी केली. उतार पडतोय म्हणून." आठ दिवस ती सात सात करत कळवळत होती, आणि मनात हे धरून होती. मग हळूच, "परत वाढलंय का गं?"

पाणी आणते म्हणून उठले. पाणी तिच्या उशाशीच होतं. ओट्यापाशी उभी राहून हे लिहितेय. करंडा समोर आहे. काय सांगू तिला?
आतून हाक मारतेय, "अगं, घेऊ ना ही?"