बगळ्यांवरचा बहिष्कार

सेंट हेडविग चर्चच्या मागची गल्ली,
शुक्रवार, १४ मार्च १९८६

तीर्थस्वरूप थॅडियसदादा यांस,

धाकट्या चेस्टरचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) तुम्ही पाठवलेली ग्रेपफ्रूटची पेटी पोचली. ॲरिझोनाचं ऊन फिलिसवहिनींच्या सांध्यांना मानवतंय हे वाचून आम्हा दोघांनाही बरं वाटलं. इथे गॅरेजच्या दारापुढे अजून मांडीएवढं बर्फ आहे आणि ते मी उपसावं असं डोलोरेसचं जानेवारीपासून म्हणणं आहे. यूजीन न्हाव्याचं पित्ताशय काढलं. ऑपरेशन उत्तम झालं, आणि आता तो गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावून, त्याला पळता येत नाही हे बघून, शर्ट वर करून टाके दाखवतो. एकूण सर्व कुशल आहे. मानपान एवढा पुरे, यापुढे नेहमीसारखं 'तू'च म्हणतो.

दादा, आधी माफी मागतो. गेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी, दुपारी बारा ते सव्वाबाराच्या दरम्यान, मी, यूजीन आणि आल्विन पोस्टमन अशा तिघांनी स्टेडियमबाहेरच्या ओल्या बाकावर बसून तुला घरभेदी, कपटी आणि बापाच्या नावाला बट्टा लावणारा असं म्हटलं. ('बट्टा' माझा. बाकीचे दोन आल्विनचे. तो निवृत्त झाल्यापासून फार बोलतो.) तुला यातलं काही कळलं नसतं हे खरं, पण माझ्या मनाला ते टोचतंय, आणि शिवाय मला तुझ्याकडे एक काम आहे. ते शेवटी लिहितो.

नोव्हेंबरची शपथ तुला आठवतच असेल, कारण तिच्यावर तुझीही सही आहे. आपल्या बेसबॉलच्या हेरन्सनी, म्हणजे आपल्या लाडक्या बगळ्यांनी, नऊ वर्षं शॉर्टस्टॉपला उभा राहिलेला रुबेन ऑर्टेगा विकून टाकला आणि त्याच्या बदल्यात दोन पिचर आणले, त्यातल्या एकाचा चेंडू फेकायचा खांदा आधीच दुखत होता. ती बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही यूजीनच्या दुकानात होतो. माझं डोकं असं फिरलं की मी स्कोअरच्या कागदाच्या मागे लाल पेन्सिलीने शपथ लिहून काढली : येत्या मोसमात आम्ही चौघे स्टेडियमची पायरी चढणार नाही आणि आपल्या दोन राखीव खुर्च्यांचा मोसमाचा फॉर्म भरणार नाही. आल्विन म्हणाला, "चेस्टर, जरा थांबू या, ख्रिसमसपर्यंत राग उतरेल." मी त्याला म्हटलं, "तुझा उतरेल. आम्हा गुर्स्कींचा राग उतरत नसतो." आणि सर्वांदेखत तो फॉर्म टराटरा फाडून खाली पडलेल्या केसांत टाकला. यूजीनने तो केरसुणीने लोटूनही दिला. मग मी शपथ तुला पोस्टाने पाठवली, तू सही करून परत पाठवलीस, आणि यूजीनने ती आरशाशेजारी फ्रेम करून लावली. घरी येऊन मी हा सगळा पराक्रम डोलोरेसला सांगितला. ती माझे शर्ट इस्त्री करत होती. तिने इस्त्री काही थांबवली नाही. नुसतं "बरं" म्हणाली.

डिसेंबर छान गेला. चारचौघांत आम्हाला मान होता. चर्चमध्ये लोक वळून बघायचे. जानेवारीत जरा कंटाळा आला. फेब्रुवारीच्या मध्याला, तुला माहीतच आहे, पिचर आणि कॅचर तुमच्या तिकडे सरावाला जमतात, वर्तमानपत्रात हिरव्या गवताचा तो फोटो येतो, आणि इथे खिडकीबाहेर बघावं तर सगळं पांढरं. त्या दिवशी यूजीनने माझी मान साफ करता करता सहज विचारलं, "समजा हं, नुसतं समजा, आपण बघणारे असतो, तर पहिल्या नंबरवर बॅटिंगला कोण पाठवला असतास?" मी म्हटलं, मला काही देणंघेणं नाही, पण समजा मी असतो, तर त्या नव्या पोरगेल्या सेंटरफिल्डरला. झालं! तिथून जे सुरू झालं ते रोज. आल्विन वही आणायला लागला. (गेल्या एकतीस वर्षांचे आकडे त्या वहीत आहेत आणि त्यांतला एकही आकडा आपल्या बाजूचा नाही.) नवा डावखुरा पिचर ड्वाइट हॉलिस वीस सामने जिंकेल असं यूजीन म्हणे, आणि आल्विन म्हणे की ज्याच्या बायकोला आत्ताच जुळं झालंय तो माणूस जूनपर्यंत झोपेतच पिचिंग करणार. ईस्टरआधीच्या शुक्रवारी मांस चालत नाही म्हणून चर्चच्या हॉलमध्ये उपासाचे तळलेले मासे खाताना तर असं कडाक्याचं भांडण झालं की फादर येऊन म्हणाले, "मुलांनो, तुम्ही तर यांच्यावर बहिष्कार टाकलाय ना?" आम्ही तिघेही एकदम म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे, फादर." आणि त्यांनी आमच्याच टेबलाशी खुर्ची ओढून घेतली आणि कॅचर बदलायला हवा असं स्वतःचं मत दिलं.

तूही काही कमी नाहीस. तुझी ती पत्रं! "सरावाच्या मैदानावरून सहज फिरायला गेलो होतो, हॉलिसचा हात सुटलेला दिसतो." दादा, ते मैदान तुझ्या घरापासून चाळीस मैल आहे.

फॉर्म भरायची शेवटची वेळ २८ फेब्रुवारी, दुपारी बारा. सत्तावीसला मला जेवण गेलं नाही. बाबांची आठ नंबरची खुर्ची डोळ्यांपुढून हलेना. सत्तेचाळीस सालापासून मोसमाच्या पहिल्या सामन्याला त्या खुर्चीत कुणी ना कुणी गुर्स्की बसलेला आहे. फक्त एकदा, त्रेसष्ट साली, पहिल्या सामन्याच्याच दिवशी तू लग्न केलंस म्हणून ती रिकामी राहिली, आणि बगळे लागोपाठ एकोणीस सामने हरले. (वहिनींना यात दोष नाही, तारीख तू ठरवली होतीस. बाबांनी तुला क्षमा केली होती. मी अजून विचार करतोय.) त्या खुर्चीच्या हाताखाली बाबांनी चाकूने पाडलेल्या खुणा आहेत, प्रत्येक पहिल्या सामन्याची एक. ते गेल्यावर तो चाकू माझ्याकडे आला. आता ती खुर्ची कुणा परक्याला जाणार, तो त्या खुणांवर च्युइंगम चिकटवणार, आणि हे सगळं माझ्या एका लाल पेन्सिलीमुळे!

तेव्हा अठ्ठावीसला सकाळी मी डोलोरेसला म्हटलं, घर तापवायच्या भट्टीची जाळी आणायला जातो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सासऱ्यांची जुनी फरची टोपी कानांवरून ओढली, गळपट्टा नाकापर्यंत गुंडाळला आणि दोन बस बदलून स्टेडियमच्या तिकीटखिडकीवर पोचलो. रांगेत माझ्यापुढे एकच माणूस, कॉलर वर केलेला, आणि त्याच्या काखेत वही. मी म्हटलं, "आल्विन?" तो दचकून म्हणाला, "मी... मी टॉयलेट शोधतोय." मी म्हटलं, मी भट्टीची जाळी शोधतोय. आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. तेवढ्यात मागून धापा टाकत यूजीन आला. दुकानाला 'अंत्यविधीमुळे बंद' अशी पाटी लावून आला होता. आल्विनने विचारलं, "कुणाचा अंत्यविधी?" यूजीनने आम्हा दोघांना खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "आपल्या शपथेचा." मग आम्ही असे हसलो की त्याचे टाके दुखायला लागले.

पण हसू किती वेळ टिकावं? खिडकीतल्या बाईंनी चष्मा लावून वहीत बोट फिरवलं. विभाग चौदा, रांग के, खुर्च्या सात आणि आठ. "गेल्या की या," बाई म्हणाल्या. "नोव्हेंबरातच भरल्या कुणीतरी." मी म्हटलं, "बाई, नीट बघा, आम्ही एकोणचाळीस वर्षं तिथे बसतोय." त्या म्हणाल्या, "आजोबा, मी नीटच बघते, माझी नोकरीच ती आहे." नाव विचारलं तर ते सांगायची परवानगी नाही म्हणाल्या. आल्विनने आपण तीस वर्षं सरकारी पत्रं वाटली आणि एकही फोडून वाचलं नाही असं सांगून पाहिलं. खिडकी बंद झाली.

मग तो बाक. खोटं कशाला सांगू दादा, मी रडलो. गळपट्टा होता म्हणून बरं. यूजीन म्हणाला, फॉर्म तू फाडलास. मी म्हटलं, केराबरोबर लोटलास तू. आल्विन म्हणाला, मी ख्रिसमसपर्यंत थांबा म्हणत होतो. आणि मग वहीची पानं उलटता उलटता तोच म्हणाला, "नोव्हेंबरात. शपथेवर सही करायला कुणाला आठवडा लागला होता? थॅडियसला." आम्हा तिघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला, आणि तिथून पुढे तुझ्याबद्दल जे बोलणं झालं त्याची माफी वर मागितलेलीच आहे.

घरी आलो. हातात जाळी नाही, नाक लाल. डोलोरेस सूप ढवळत होती. तिला पाहिलं आणि माझा बांध फुटला. टोपीपासून बाकापर्यंत सगळं सांगून टाकलं, तुझ्या कपटासकट. तिने गॅस बारीक केला, भांडी धरायची फडकी ठेवते तो खण उघडला आणि फडक्यांच्या खालून एक लांब पाकीट काढून माझ्यापुढे टाकलं. आत पाहतो तर सात आणि आठ! संबंध मोसमाची तिकिटं, डोलोरेस गुर्स्की या नावाने! मी फॉर्म फाडून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिने टेलिफोन करून दुसरा फॉर्म मागवला होता. मी म्हटलं, "अगं, पण मग चार महिने बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "घरात एवढी शांतता पहिल्यांदाच होती." आणि घेतलीस तरी का, असं विचारलं तर म्हणाली, "बहात्तर साली तुझा पाय मोडला होता. सगळा उन्हाळा तू घरात होतास. मला तो उन्हाळा आठवतो."

दादा, मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो आणि जे हायसं वाटलं ते तुला काय सांगू. सदतीस वर्षांच्या संसारात मी या बाईला फुलं अशी दोनदाच आणली, त्यातली एकदा चुकीच्या तारखेला. दुसऱ्या दिवशी आणली. यूजीनने तिला जन्मभर केस फुकट कापून द्यायचं वचन दिलं. (ती त्याच्याकडे कधीच जाणार नाही, पण भावना बघ.) शपथेची फ्रेम त्याने आरशाशेजारून काढली आणि तिथे आपल्या टाक्यांचा फोटो लावला. परवा बसमधून स्टेडियमवरून गेलो, तर मैदानावरचं बर्फ कडेने वितळायला लागलंय. हॉलिस वीस जिंकेल असं आता मलाही वाटतं. आल्विनची वही मात्र बारा म्हणते.

तेव्हा झालं गेलं विसरून जा, आणि धाकट्या भावावर लोभ असू दे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
चेस्टर

ता. क. आता ते काम. दरवर्षी मार्चमध्ये आपण बाबांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून कुणी कुठल्या सामन्याला जायचं ते ठरवतो. यंदा डोलोरेस म्हणाली, तिकिटं माझ्या नावावर, म्हणून टोपी माझी. तिने पहिलीच निवड केली ती पहिल्या सामन्याची, आठ एप्रिल. सातवर ती. आणि आठवर, मला विचारशील तर फोनवरून परस्पर ठरवून, फिलिसवहिनी! वहिनींनी विमानाचं बघितलंसुद्धा म्हणे. दादा, बाबांच्या खुर्चीत ज्यांच्या लग्नापायी आपण एकोणीस सामने हरलो त्याच बसणार का? वहिनींना सांग, एप्रिलमध्ये इथे हवा फार वाईट असते. सांध्यांबद्दल बोल. काहीही कर, पण थांबव.

ता. क. २. (शुक्रवार, २१ मार्च.) पत्र तसंच पडून राहिलं होतं. मंगळवारी डोलोरेसला स्टँप मागितला तर तिने सगळं पत्र वाचून काढलं. म्हणते, वहिनी येणारच, आणि तुला रेडिओ आहे. मंगळवारपासून मी तिच्याशी एक शब्दही बोललेलो नाही. गॅरेजपुढचं बर्फ उपसलं, स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला, जिन्याचा कठडा घट्ट केला. तरी काही उपयोग नाही. चाकू तेवढा धार लावून ठेवलाय, वहिनींच्या हाती देईन. खूण तर पडायला हवी.

(पुढचं दुसऱ्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने.)

भावोजी, हे डिंक शोधायला तळघरात गेलेत, म्हणून घाईत लिहिते. नोव्हेंबरातच मी त्या दिवसापुरत्या नऊ आणि दहाही घेऊन ठेवल्यात. फिलिसबरोबर तुम्हीही या, तुमच्याकडची बाबांची स्कोअरची वही घेऊन या. आठवर हेच बसतील, दुसरं कोण बसणार? पण आठ तारखेपर्यंत यांना कळू देऊ नका. अजून पोटमाळा आवरायचा राहिलाय.