उत्तरेची खिडकी

बाबा, सोमवारी सकाळी मला ऑफिसात उत्तर द्यायचे आहे. आमच्या गटाचे प्रमुखपद मला देऊ केले आहे. ते स्वीकारले तर रोज सात वाजता वेलिंग्टनमध्ये हजर राहावे लागेल, आणि गेली सहा वर्षे कामावर जाण्याआधी चित्रकलेसाठी राखलेला वेळ संपेल. नाकारले तर पुन्हा कोणी विचारणार नाही. या बाबतीत ज्याचा सल्ला मला मुळीच नको आहे असा जगात एकच माणूस होता, आणि तो तुम्ही. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षे झाली तरी तुम्ही न विचारता बोलतच असता. म्हणून आज मी बोलणार आहे.

तुम्ही शाळेत चित्रकला शिकवत होता. सकाळची शाळा, दीडला घरी. जेवण झाले की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसता आणि आईला ऐकवता, "या नोकरीने आणि संसाराने माझा हात खाल्ला." आई ओटा पुसत राहते. तुमची रंगांची पेटी कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ती खाली उतरलेली मी कधी पाहिली नाही. मला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाली तेव्हा निकाल वाचून तुम्ही म्हणालात, "छान. आता पुरे. पोटापाण्याचं काम करून उरलेल्या वेळात काढतात ती चित्रं नसतात, ते भरतकाम असतं." त्या वेळी तुमचे कोपर आईने भरलेल्या टेबलक्लॉथवर टेकलेले होते. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावर मी तुमच्याकडे ब्रश मागितले, आणि तुम्ही नकाशे आखायचा मिनी ड्राफ्टर आणून दिलात.

तो ड्राफ्टर उपयोगी पडला, हे नाकारत नाही. इमारती भूकंपात टिकतील का, हे तपासण्याचे काम मी इथे न्यूझीलंडमध्ये करते. पण उरलेल्या वेळात काय होऊ शकते, हे तुम्हाला क्रमाने समजावून सांगण्यात मला आसुरी आनंद आहे. वेलिंग्टनजवळ, लोअर हटच्या घरात मी पावणेसहाला टेबलापाशी बसते, साडेसहाला उठते, हिवाळ्यात दिव्याखाली. नियम असा की एका आठवड्यात एकच गोष्ट. एक आठवडा फक्त कडा: वाटीची कड कुठे सुरीसारखी धारदार दिसते आणि कुठे सावलीत विरघळते. पुढचा आठवडा फक्त करड्याच्या तीन छटा. ट्रेनमध्ये वीस-बावीस मिनिटे मिळतात, त्यात मी वहीत प्रवाशांचे कान काढते. कान फार सुंदर अवयव आहे, बाबा. त्याची बाहेरची वळी आत कशी शिरते हे एकदा कळले की माणसाचे वय त्यातच दिसू लागते. हे तुम्ही मला शिकवू शकला असता. दीड वाजल्यापासून तुमच्याकडे वेळच वेळ होता.

आणि जे शिकवलेत त्याने माझी दोन वर्षे वाया घालवली. "चित्रकाराची खिडकी उत्तरेची. तिथून ऊन आत येत नाही, सावली जागची हलत नाही." हे घर घेताना मी उत्तरेच्या खिडकीची खोली हट्टाने मागून घेतली. शनिवारी सकाळभर तिथे बसायचे, आणि वाटीची सावली माझ्या डोळ्यांदेखत सरकत जायची. मला वाटले, माझाच हात मंद आहे. शेवटी कम्युनिटी सेंटरमध्ये क्लास घेणाऱ्या वयस्कर बाईंनी माझी चित्रे ओळीने मांडून विचारले, "या वाटीला सूर्य किती आहेत?"

मी म्हटले, "खिडकी तर उत्तरेलाच आहे."

त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "अगं, ते तुमच्या तिकडे! इथे ऊन उत्तरेकडूनच येतं. टेबल उचल आणि मागच्या खोलीत ने."

घरांच्या दक्षिणेच्या भिंतींना ऊन लागत नाही म्हणून ओल धरते, हे मी अहवालांमध्ये स्वतः लिहीत होते. तरीही तुमचे वाक्य विषुववृत्त ओलांडून, न तपासता, घरात आणून ठेवले होते. इतर कोणाचेही मोजमाप मी असे स्वीकारले नसते.

काल जेवताना घरात हाच विषय निघाला. नवरा म्हणाला, "अगं, पद चांगलं आहे. तू नको म्हणतेस ते चित्रांसाठी, की बाबांना खोटं पाडण्यासाठी?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू रोज सकाळी त्यांच्याशी भांडायला उठतेस."

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "जस्ट से नो, आई. यू आर हीप्स ग्रम्पी व्हेन यू डोन्ट पेंट." चित्र काढले नाही की मी भलतीच चिडकी होते म्हणे! आम्ही हसलो, आणि माझे उत्तर देणे तेवढ्यावर टळले.

मी नाही म्हणणार आहे. पत्र लिहून ठेवले आहे. त्यात दोनच ओळी आहेत; नकाराचे कारण दिलेले नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर पद घेतले असते आणि पुढची वीस वर्षे घरातल्या माणसांना त्याची शिक्षा दिली असती. हे मी रागाने लिहिते आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. तुम्हाला लिहिलेला हा कागद आईलाही फोनवर वाचून दाखवणार नाही. ती अजून तुमचीच बाजू घेते.

फक्त एक सांगते. आज सकाळी पातेल्याच्या बुडावरचा काळा रंगवताना पाऊण तास मला तुमची आठवण आली नाही. ब्रश धुताना ते लक्षात आले, आणि बरे वाटण्याऐवजी मी घाबरले. तुमच्यावरचा राग संपला तर गजर झाल्यावर मी उठेन की नाही, याची मला खात्री नाही.