डाव्या हाताची भिंत

प्रिय दादा,

छिन्नी भिंतीवर टेकवली, तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं.

"हात लावू नगंस. त्याच्या हातचं हाय ते."

म्हणून तुला लिहितेय. तू असतास तर तूच तिला समजावलं असतंस, आणि तुझं तिनं ऐकलंही असतं.

तुझ्या भागालाही भेग गेली आहे, दादा. खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट पायापर्यंत. पहिल्यांदा दिसली तेव्हा मला बरं वाटलं.

गवंडी काम अर्धवट टाकून त्याच्या गावी, वैरागला, निघून गेला, तेव्हा रस्त्याकडच्या या भिंतीचा गिलावा आपण दोघांनी केला. आठवतं? दाराच्या डावीकडे तू, उजवीकडे मी. सिमेंट तेच, वाळू तीच. मग पहिल्याच उन्हाळ्यात माझ्याच भागाला तडे का गेले? तू हसून म्हणालास, "हाताचा गुण असतो, शकू." कसला गुण? आई रोज कळशी घेऊन तुझ्या ओल्या गिलाव्यावर पाणी मारायची. माझ्या भागाशी येईपर्यंत कळशी रिकामी झालेली असायची. सोलापूरचं ऊन आणि कोरडा गिलावा. तडकणारच.

तू गेल्यापासून ती संध्याकाळी तुझ्या भागासमोर बसते. तिरकं ऊन पडलं की तुझ्या डावखुऱ्या थापीचे अर्धगोल भिंतीवर दिसतात. आल्यागेल्याला ती ते दाखवते. तिच्या गोळ्या, तिचं आंघोळीचं पाणी, तिचे दुखरे पाय माझ्याकडे. दाखवायला मात्र तू. मेल्यावर तरी थोडी जागा सोडायची होतीस की रे!

आज मी हातोडीनं ठोकून ऐकवलं. "पोकळ वाजतंय, आई. पावसाचं पाणी शिरलं की सगळंच खाली येईल. मग काय दाखवशील?"

"तुजं बी वाजतंय की."

"माझं फोडू का मग?"

"फोड की. कोण अडवतंय?"

मग ती स्टूल ओढून बसली. "भेगंपुरतंच फोड. आन् थापी त्याच्यावानी फिरव."

मी भेग फोडली, झाडली, ओली केली, भरली. थापी डाव्या हातात घेतली. सिमेंटचा माल गळून पायावर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

"जमंना व्हय?"

तुझा इतका राग मला तू जिवंत असताना कधी आला नव्हता. शेवटी वाकडेतिकडे अर्धगोल उमटले. ती उठून जवळ गेली, बोट न लावता बघितलं आणि आत गेली. माझ्या भागातल्या भेगा मी एकटीनं बुजवल्या. उजव्या हातानं.

तुझ्या भिंतीला पुन्हा भेग गेली तर मीच बुजवीन, दादा. पडू देणार नाही. पण डाव्या हातानं पुन्हा नाही.

तुझीच,
शकू

ता. क. सकाळी उठले तेव्हा आई कळशी घेऊन भिंतीशी होती. सुरुवात तुझ्या भागापासून केली. माझ्या भागाशी आली तेव्हा कळशी रिकामी झाली. ती आत गेली, कळशी भरून आणली आणि माझ्या भेगांवर पाणी मारलं.