आवारातलं मत

प्रिय धाकट्या,

काल तुझा फोन ठेवला आणि समोरचा चहा तसाच गार झाला. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, कुंड्यांना पाणी घालते, तुझ्या दाजींच्या खुर्चीत बसून पेपर वाचते. शाळा लवकर सुटली माझी, पण त्यांच्या टेबलावरचे कायद्याचे कागद वाचत वाचत निदान कोण कुणाला फसवतंय एवढं कळायला लागलं.

वरच्या सभागृहाच्या सुधारणेचं तुमचं विधेयकही वाचलं. सदस्य कमी होणार, भत्ते कमी होणार, होऊ देत. पण मधेच एक कलम हळूच सरकवलंय. खालच्या सभागृहाला आपली मुदत वाढवायची असेल, तर वरच्याची संमती आता लागणार नाही. म्हणजे भाडेकरूनेच आपला करार वाढवून घ्यायचा आणि घरमालकाला दारातही उभं करायचं नाही. याला सुधारणा म्हणतोस? चांगला शिकलास रे.

संमतीची ती अट घटनेत आली तो दिवस आठव. दाजींना उठवत नव्हतं. आजारी सदस्य आवारात असला तरी त्याचं मत धरतात, म्हणून आपण रुग्णवाहिका थेट सभागृहाच्या पायऱ्यांशी नेली. मतं मोजणारे दोघं आत चढले. दाजींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि ‘हो’ म्हणाले. तेवढ्यानेही धाप लागली त्यांना. सलाईनची बाटली तू धरली होतीस, रडत होतास. आठवड्याभरात ते गेले. त्यांच्या जागी तुला घ्या, हे पक्षाला सांगायला मीच गेले होते.

आता तू म्हणतोस, “ताई, गॅलरीत पुढेच बस. मी भाषणात सांगणार आहे, दाजी असते तर त्यांनीही पाठिंबाच दिला असता.” त्याचंच उत्तर द्यायला हे लिहितेय. येईन मी, पुढेच बसेन. मत तुझं आहे, जिथे द्यायचं तिथे दे. पण त्यांचं नाव घेतलंस, तर मी उभी राहून रुग्णवाहिकेतलं सगळं सांगेन. गॅलरीत बोलायला बंदी आहे, ठाऊक आहे मला. बाहेर काढतील. तेव्हा हात धरायला मात्र तू येऊ नकोस.

तुझीच,
ताई