हाकेला ओ

१४ जुलै
पुत्तूरच्या शाळेत रुजू झाले. संगीत शिकवायचं आणि पगार घ्यायचा, माझ्यासारख्या ऐतखाऊला आणखी काय हवं! खोली देवकीअक्कांच्या घरी मिळाली. त्यांचा एकुलता एक मुलगा संजीव दोन वर्षांपूर्वी घरामागच्या विहिरीत बुडाला, पण अक्का हसऱ्या. आल्याआल्या कोंबडीच्या रश्शात नीरडोसे बुडवून खाऊ घातले. पाळीच्या अति रक्तस्रावावरच्या गोळ्या आजपासून सुरू. आवाज जाडावला तर लगेच बंद करा, पुढे तो परतेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

२९ जुलै
आवाज जाडावलाय. मुली म्हणतात, टीचरनी बेडूक गिळला! मीही हसले. गोळ्या सोडायला हव्यात, पण रक्त थांबलंय, चक्कर येत नाही. गळा हेच माझं पोट. आणखी चारच दिवस घेईन.

३ ऑगस्ट
आटी महिना, मेलेल्यांना जेवू घालायचा. अक्कांनी संजीवासाठी पान वाढलं, दार लोटलं आणि बाहेरून हाक मारली, "ये बाळा, जेवायला ये." अशा हाकेला ओ द्यायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मागच्या दारानं शाळेतून येत होते. अक्का मलाही बाळच म्हणतात, वाटलं मलाच बोलावलं. "आलो अम्मा," म्हणून गेले.
आलो? मी असं का म्हणाले?
अक्कांच्या हातातली पळी खाली पडली.

६ ऑगस्ट
गोळ्या बंद केल्या. आवाज परतत नाही. अक्का मला दुप्पट भात वाढतात, पुन्हा अम्मा म्हण म्हणून रडतात. दया आली. म्हटलं. चुकलेच.

१० ऑगस्ट
वर्गात सूर लावला आणि तोंडून निघालं, विहिरीचं पाणी फार गार होतं. मुली किंचाळत पळाल्या. मी त्या विहिरीकडे कधी फिरकलेलीसुद्धा नाही. भीती वाटते. फार.

१२
अक्कांनी संजीवासाठी मुलगी पाहिलीय. लहानपणीच वारलेली, चांगल्या घरातली. मेलेल्यांची लग्नं लावतात आमच्यात, त्यात नवल नाही. पण नवऱ्या मुलाचा होकार माझ्या तोंडून हवाय. लग्न लागलं की तो इथेच राहील म्हणाल्या. इथे म्हणजे — माझ्या गळ्यावर बोट ठेवलं.

१३
दाराला बाहेरून कडी. खाटेवर जरीकाठी धोतर.

दुपार
माणसं आलीत. बाहेरून विचारताहेत, मुलगी पसंत आहे का. मी तोंडात पदराचा बोळा कोंबलाय. दात घट्ट. तरी गळा हलतोय —

बाहेर सगळे हसले. अक्का ओरडल्या, "ऐकलंत ना? हो म्हणाला माझा पोरगा!"

बोळा तोंडातच आहे. मी काहीच —