मेंडोन्सा सर म्हणतात

२१ सप्टें. ९२, सोम.
घासागणिक कुंदाचं एकच, "मेंडोन्सा सर म्हणतात." तिच्या अंबरनाथच्या कंपनीचा पहिलाच माल परदेशी चाललाय, ॲसिडची पिंपं, हॅम्बुर्गला. सगळी जुळवाजुळव आमच्या पोरीकडं. आनंद आहेच. पण डिक्शनरी घेऊन रोज तिच्याकडून इंग्रजी घोकून घेतलं मी, ओळखी काढून कंपनीत चिकटवली मी. आणि म्हणतात कोण, तर बोटीच्या मालाचे जाणकार म्हणून कंपनीनं आणलेले हे सर.
ही वाढता वाढता म्हणाली, "आमटी तर बरी झालीय, मग तोंड का वाकडं?"

२५ सप्टें.
पिंपाला चिकटवायचं लेबल कुंदानं दाखवलं. टोकावर उभा चौकोन, पतंगासारखा. नळीतून थेंब पडतोय, खाली हात, पोळलेला. म्हटलं, "छान. अक्षरशत्रूलाही कळेल."
"सरही हेच म्हणतात."
घ्या. माझं वाक्यही तिथं आधीच होऊन गेलेलं.
छापायला सिंधी कॅम्पातला एक प्रेसवाला. माझ्या जुन्या ओळखीचा, म्हणून बरोबर येतो म्हटलं. "नको बाबा, सर येतायत. समुद्राच्या पाण्यात शाई तीन महिने टिकायला हवी, ते त्यांनाच विचारायचंय." मग काय, बसलो पेपर वाचत.

२९ सप्टें.
मेंडोन्सा साहेब बदलापूरला आमच्या घरी जेवायला. गोव्याचे, उभा जन्म गोदीत गेला, पोटापुरतं मराठी. वय माझ्याएवढंच, केस माझ्यापेक्षा जास्त. बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं. "वहिनी, असं कालवण आमच्या मायनंतर आजच." ही आठवडाभर त्यावरच जगणार. माणसात एखादी खोट सापडती तर बरं झालं असतं. निघताना माझी चप्पलसुद्धा त्यांनीच सरळ करून ठेवली.

५ ऑक्टो., खंडेनवमी
कंपनीत पूजा, घरच्यांनाही बोलावणं. यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि पाठीमागच्या शेडमध्ये पिंपं तशीच उभी. पोरीचं पहिलं काम असं सुनं जाणार? ताटातलं कुंकू तेलात कालवलं, पुढच्या ओळीला लावलं. नेमकं त्या चित्रातल्या हातावर. पोळलेला हात बघवेना. पोर रोज त्या ॲसिडच्या आसपास वावरते.
सर अजून यायचे होते. एकदा तरी त्यांच्या आधी माझं बोट लागलं. घरी येताना शीळ घालत आलो.

७ ऑक्टो.
कुंदा दमून आली. कंटेनर भरताना तपासनिसानं पुढची ओळ परत उतरवायला लावली. चित्र कुंकवाखाली गेलंय, असा माल बोटीवर चढणार नाही म्हणाला.
"बाबा, लावायचंच होतं तर झाकणाला लावायचंत."
चिडून बोलली असती तर मीही चिडलो असतो. हळू बोलली.
तपासनिसाला सर म्हणाले म्हणे, "पूजा मीच सांगितली होती. पोरीला बोलू नका." मग कुंदानं आणि सरांनी लेबलं खरवडली, पिंपं पुसली, नवी चिकटवली. ट्रेलर वेळेत न्हावाशेव्याच्या बंदराकडं निघाला. चूक माझी, डोक्यावर घेतली त्यांनी. आता उपकारही त्यांचेच.
ही म्हणाली, "एक लेबल उरलं असेल तर बाबांच्या पाठीवर चिकटव गं. जवळ येणाऱ्याला कळू दे."

१८ ऑक्टो., रवि.
मेंडोन्सा पनवेलला स्वतःचं ऑफिस काढतायत, असलाच जोखमीचा माल पाठवायचं. कुंदाला बोलावलंय. राहायचंही तिकडेच, त्यांच्या बहिणीकडं. परवा कळवायचंय.
चहा घेऊन आली, शेजारी बसली. "बाबा, जाऊ?"
एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला विचारलं. ऊर भरून आला. तेवढ्यात, "सर म्हणाले, आधी वडिलांना विचार. त्यांनी हो म्हटलं तरच."
म्हणजे हा मानही त्यांच्याच हातचा.
"आणि सर म्हणाले नसते तर?"
बशीत चहा ओतून माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "तुम्हाला विचारायची भीती वाटते बाबा. तोंडानं हो म्हणाल, आणि आठवडाभर नीट जेवणार नाही."
आतून ही, "खरंय."
हिला म्हटलं, उद्या बोंबील आण, त्यांना जेवायला बोलाव. जे सांगायचं ते समोरच सांगतो. हिनं विचारलं, काय सांगणार? म्हटलं, पानं तर मांड आधी.
हो म्हणायचं तर त्यांनी विचारायच्या आत म्हणायला हवं. आणि नाही म्हटलं तर पोर थांबेल, पण घासागणिक "बाबा म्हणतात" काही व्हायचं नाही.