नातीच्या पानावरची नेवरी

मास्तर, माझं अक्षर तुम्हाला ओळखू येणार नाही, कारण तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी काही लिहिलंच नाही. मराठी चौथी झाले तेवढंच माझं शिक्षण. पुढे लग्न होऊन हळर्णहून डिचोलीला आले, आणि मग हातात पेन कमी, पळीच जास्त. तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या. सांगायचं काय, तर माझी नात कुस्ती खेळते! मुलगी हो, मुलगी. तुमच्याच हायस्कुलात नववीत आहे. माझा मुलगा तुमचा चेला, त्याची ही लेक. खांदे बापाचे उचललेत आणि तोंड मात्र माझं, हार मानायची नाही म्हणजे नाही. तालुक्यात पहिली आली तेव्हा सकाळी पाव घेऊन पोदेर आला, त्यालाही मी सायकलीवरून उतरवून सांगितलं. तो म्हणाला, "आजी, काल पण हेंच सांगितलंत." सांगितलं असेन. परत ऐकायला त्याचं काय जातं?

मी पहिल्यांदा तुमच्या आखाड्यात शिरले तो दिवस मला अजून दिसतो. शाळेच्या मागे पत्र्याची शेड, तिच्यात तुमचा आखाडा. माझा मुलगा आठवीत, डबा घरी विसरून गेलाय आणि मी तो घेऊन आलेय. बघते तर काय, त्याच्याहून दांडगा एक मुलगा त्याच्या पाठीवर बसलाय आणि याचं तोंड मातीत. मी डब्यासकट आत घुसते. "सोड रे मेल्या, जीव जातलो त्याचो!" सगळी पोरं खो खो हसतात. तुम्ही हसत नाही. तुम्ही सावंतवाडीकडचे, बोलणं आमच्यासारखंच, पण आवाज कधी चढायचा नाही. म्हणालात, "वयनी, चपला भायर काढा. आणि रडूचा आसला तर ता पण भायर." मी लाजेने अर्धी झाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते तेव्हा खाणीवर ट्रक चालवायचे. ते म्हणाले, "शिव्या नाही घातल्या हे नशीब. आखाड्यात बाईमाणसाने पाय ठेवायचा नसतो." मला कुठे ठाऊक! रात्रभर मग मी तेच घोळवत राहिले. तुम्ही मला बाहेर जा म्हणालाच नव्हता. चपला बाहेर म्हणाला होता.

मग मी ताक घेऊन यायला लागले. माती मऊ राहावी म्हणून तुम्ही तिच्यात ताक, तेल, हळद घालायचात, आणि ज्याच्या घरात जे असेल ते बायका पाठवायच्या. एकदा तुम्ही म्हणालात, "हात घाला, वयनी. भाकरीच्या पिठासारखी झाली की सांगा." चपला मी आधीच काढल्या होत्या. मी माती मळली, मास्तर, तांदळाची उकड मळावी तशी. आमच्या घरात तेव्हा दोन तांबड्या मात्या यायच्या. नवऱ्याच्या शर्टावरची खाणीची, ती सात पाण्यांतून काढली तरी जात नसे, आणि मुलाच्या लंगोटावरची तुमची, तिला हळदीचा वास. दुसरी धुताना मला गाणं सुचायचं. तुम्हाला ना बायको ना मूल, शाळेमागची एक खोली, रविवारीसुद्धा पहाटे शिट्टी. निवृत्त झालात तेव्हा वाटलं, आता गावी जातील. दुसऱ्या दिवशी शिट्टी परत वाजली. आम्ही बायका हसलो, पण बरं वाटलं.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ते गणपतीच्या चवथीचं. देवाला नैवेद्य दाखवला की घरातल्या प्रत्येक माणसाचं पान मांडायचं, प्रत्येकावर खोबऱ्यागुळाची तळलेली नेवरी वाढायची, आणि पानावर टाकून उठायचं नाही, हा आमचा रिवाज. आणि शाळेच्या कुस्त्या येणार नेमक्या चवथीच्या तोंडावर, पोरांची वजनं ठरल्या आकड्याच्या आत ठेवायची असायची. पोर नेवरी नको म्हणाला की आई रडणार, आजी देवाची शपथ घालणार. तुम्ही कोणाला उपदेश केला नाही. चवथीच्या दिवसांत दुपारी घरोघर यायचात, पोराच्या शेजारी मांडी घालून बसायचात. "वयनी, देवाचा पान मोडूचा नाय. ह्येचो वाटो माका वाढा." पोराला भाज्यांचं खतखतं, थोडा भात, आणि त्याच्या नेवऱ्या तुमच्या पोटात. मग पट्टा एक घर सैल करायचात आणि पुढच्या घरी. माझा मुलगा तुमच्या चालत्या तोंडाकडे बघत बसायचा आणि म्हणायचा, "मास्तर, नेवरी कशी आहे?" तुम्ही म्हणायचात, "वायट आसा रे, एकदम वायट. माझ्यावर पाळी इली म्हणान खातंय." देव सुखी, आई सुखी, पोर वजनात.

आता माझ्याकडे बघा. आमचा गणपती नऊ दिवसांचा, देवावर बांधलेल्या माटोळीची फळं अजून डोक्यावर लटकतायत, आणि उद्या सकाळी म्हापशाला नातीचं वजन. वजनात बसली तर गोव्याच्या संघासाठी खेळणार. नाही बसली तर गादीवर पाय पण ठेवू देणार नाहीत, वर्षभराची मेहनत फुकट. काल भुसाऱ्याकडे तांदळाच्या काट्यावर उभी राहिली. तो मेला म्हणतो, "आजी, हिला पिशवीत घालू की अशीच नेतेस?" पाव किलो जास्त. तिची कुस्तीची टीचर चांगली आहे, पाणी पी म्हणून बजावते, नीट जेव म्हणते, फक्त गोड आणि तळलेलं नको. पण मी काय करू? मला दुसरं येतं काय? ताक न्यावं तर आता माती नाही, निळीपिवळी गादी आहे. तिला ना तेल लागत, ना हळद, ना आजी. पोर कोमेजलेल्या तोंडाने घरात फिरते आणि माझे हात आपोआप नेवऱ्यांच्या डब्याकडे जातात.

आज दुपारी पानं वाढली. तिच्या पानावर मी नेवऱ्या ठेवल्या. न ठेवून कसं चालेल? ती नेवऱ्यांकडे बघते, मग माझ्याकडे. "नाका गे आजी." डोळे भरलेले. तिचा बाप म्हणाला, "आज मास्तर आसते तर..." मग त्याचा हात पुढे आला, पण नेवरी मी आधी उचलली. "आजी! तुला साखर आहे!" नात ओरडली. मी म्हटलं, "आसूं दी. हे काम मास्तरांचं, कोणीतरी करायला नको?" ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. पानावरचं खतखतं सगळं जेवली.

पण मास्तर, माझ्या खाण्याने तिचं पाव किलो कसं उतरणार? तुम्ही खायचात तेव्हा पोरं वजनात बसायचीच असं आम्हाला वाटायचं. खरंच सगळी बसायची का हो? तेव्हा विचारायला हवं होतं. आता ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारतेय, जनेलाच्या गजांतून आवाज येतोय, आणि मी आत नुसती बसलेय. तिच्यासाठी एक उडी मला मारता येत नाही. उद्या बाप तिला मोटारसायकलवरून नेणार, मी दारापर्यंत.

हे पाठवू तरी कुठे? तुम्ही गेल्यापासून तुमच्या खोलीत शाळेची मोडकी बाकं आहेत. तांदळाच्या डब्यात ठेवते, त्यात माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. एकच सांगायचं राहिलं. तिच्या पानावर दोन नेवऱ्या होत्या. पहिली मी तिच्यासाठी खाल्ली. दुसरी मात्र, मास्तर, छान झाली होती म्हणून खाल्ली.